घर आणि यंत्र : बिनआरशाचा कॅमेरा निवडतांना

लग्नमुंजींचा हंगाम जवळ आला कीं या सदराकडे येणाऱ्या पत्रांत एक प्रश्न हटकून असतो : घरांत एकच चांगला कॅमेरा घ्यावयाचा आहे, त्यानें छायाचित्रेंही उत्तम निघावीं आणि चलच्चित्रही, तर कोणता घ्यावा? प्रश्न दिसावयास सोपा, परंतु त्याच्या पोटीं पुष्कळ गोष्टी दडलेल्या असतात. काका छायाचित्रांचे शोकीन असतात, पुतण्यास व्हिडिओ हवा असतो, वहिनींस चिंता असते कीं हें धूड दिवसभर गळ्यांत वागविणार कोण; आणि ज्यांच्या हातून पैसे जावयाचे ते आजोबा विचारतात कीं फोनांत कॅमेरा आहे ना, मग हें आणखी कशाला ? आजोबांचा प्रश्न आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून आरंभ तेथूनच करितों.

फोनाचा कॅमेरा आज खरोखर चांगला आहे. भर उन्हांत अंगणांत घेतलेलें फोनाचें चित्र आणि मोठ्या कॅमेऱ्याचें चित्र, हीं दोन्ही फोनाच्याच पडद्यावर पाहिलीं तर भल्याभल्यांस फरक सांगतां येणार नाहीं. फरक पडतो तो उजेड कमी झाल्यावर. फुल-फ्रेम कॅमेरा म्हणजे ज्याचा प्रकाश टिपणारा फलक, अर्थात् सेन्सर, ३६ मिलिमीटर लांब व २४ मिलिमीटर रुंद आहे असा कॅमेरा. हें माप आजचें नव्हे. ऑस्कर बार्नाक या जर्मन कारागिरानें वेट्झलार येथील लाइट्सच्या कारखान्यांत सिनेमाची ३५ मिलिमीटरची फिल्म आडवी चालवून एक लहानसा कॅमेरा बनविला. तो १९२५ सालीं लायका या नांवानें बाजारांत आला आणि त्याबरोबर हें मापही रूढ झालें. या फलकाचें क्षेत्रफळ ८६४ चौरस मिलिमीटर भरतें. फोनांतला ‘एक इंची’ म्हणून मिरविणारा फलकही ११६ चौरस मिलिमीटरांच्याच घरांत असतो. पागोळ्यांखालीं घंगाळ ठेवलें काय आणि वाटी ठेवली काय, पाऊस तोच. सांठणारें पाणी मात्र निराळें.

उणें पडलेला प्रकाश फोन गणितानें भरून काढतो. तें गणित हुशार असतें खरें, परंतु समईच्या उजेडांत बसलेल्या आजीच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या तें कित्येकदां गोंगाट समजून पुसून टाकतें. ज्या घरास आजीचा चेहरा सुरकुत्यांसह हवा आहे त्यानें पुढें वाचावें. बाकीच्यांनीं फोनावर समाधान मानल्यास आम्ही त्यांस नांवें ठेवणार नाहीं.

आतां आरशाविषयीं. जुन्या एसएलआर कॅमेऱ्यांत भिंगामागें तिरपा आरसा असे. भिंगांतून आलेलें दृश्य त्यावर आपटून वर डोळ्याकडे जाई, आणि बटण दाबतांच आरसा खट्‌कन वर उचलला जाऊन प्रकाश फिल्मवर पडे. छायाचित्रासाठीं ही युक्ति नामी होती. पण चलच्चित्र घेतांना आरसा सारा वेळ वर धरून ठेवावा लागे, मग डोळ्यास लावावयाच्या झरोक्यांत अंधार. २००८ सालीं निकॉनच्या डी ९० या कॅमेऱ्यानें आणि त्याच वर्षीं कॅननच्या ५ डी मार्क टूनें एसएलआरमधून व्हिडिओ घेण्याचा पायंडा पाडला, त्या वेळीं ही अडचण फार जाणवली. आरसाच काढून टाकला तर ? सोनीनें २०१३ सालीं आल्फा ७ व आल्फा ७ आर हे भिंग बदलतां येणारे, बिनआरशाचे फुल-फ्रेम कॅमेरे काढले. कॅनन व निकॉन २०१८ सालीं याच वाटेस लागले, पॅनासॉनिक २०१९ सालीं. झरोक्यांत आतां लहानसा पडदा असतो. जें चित्र निघणार तेंच तो अगोदर दाखवितो. उजेड कमी झाला, जास्त झाला, हें बटण दाबण्यापूर्वींच कळतें, आणि घरांतील नवशिक्यास याहून मोठा गुरु नाहीं. या सोयीची किंमत बॅटरी मोजते. म्हणून दुसरी बॅटरी ही चैन समजूं नये.

छायाचित्र आणि चलच्चित्र हे दोन उद्योग एकाच घरांत नांदणें ही आपल्याकडे नवी गोष्ट नव्हे. दादासाहेब फाळक्यांनीं गोध्र्यास छायाचित्रकाराचा धंदा केला होता. १९१२ सालीं त्यांनीं लंडनहून विल्यमसनचा कॅमेरा आणला आणि पहिला प्रयोग काय केला, तर वाटाण्याचें रोप कसें वाढतें तें एकेक चित्र टिपून दाखविलें. पुढें ‘राजा हरिश्चंद्र’च्या वेळीं फिल्मला भोकें पाडण्यापासूनचीं कामें सरस्वतीबाईंनीं घरांतच केलीं. एका कुटुंबानें एका यंत्रावर केवढें काम उभें केलें, हें पाहिलें म्हणजे आजच्या कॅमेऱ्याच्या गुणदोषांवरून घरांत होणारे वाद थोडे सौम्य व्हावयास हरकत नाहीं.

तरीही वाद होणारच. आणि निवडही करावीच लागेल. घरगुती उपयोगाच्या दृष्टीनें ज्यांची तुलना व्हावी असे चार कॅमेरे आम्ही घेतों : सोनीचा आल्फा ७ फोर (२०२१), कॅननचा आर ६ मार्क टू (२०२२), पॅनासॉनिकचा ल्यूमिक्स एस ५ टू (२०२३) आणि निकॉनचा झेड ६ थ्री (२०२४). यांतील दोघांचे धाकटे भाऊ आतां आले आहेत. २०२५ च्या नोव्हेंबरांत कॅनननें मार्क थ्री आणि डिसेंबरांत सोनीनें आल्फा ७ फाइव्ह जाहीर केला. परंतु धाकटा आला म्हणून थोरला निकामी होत नाहीं. चित्राचा दर्जा एका रात्रींत उतरत नाहीं, किंमत मात्र उतरूं लागते. आणि गृहस्थानें लाभ घ्यावयाचा तो याचाच.

सोनीचा फलक ३३ मेगापिक्सेलांचा, बाकी तिघांचे २४ च्या आसपास. दुकानदार या आंकड्यावर फार जोर देतात, म्हणून हिशेब सांगतों. २४ मेगापिक्सेल म्हणजे सहा हजार बिंदू लांब व चार हजार बिंदू रुंद असें चित्र. इंचास ३०० बिंदू धरून छापलें तर तें २० इंच लांब व १३ इंचांहून थोडें अधिक रुंद भरतें. दिवाणखान्याच्या भिंतीस याहून मोठें चित्र किती घरांत लागतें ? ३३ मेगापिक्सेलांचा उपयोग आहे तो चित्र कापून घेण्यास. मंडपाच्या शेवटच्या रांगेंतून घेतलेल्या चित्रांतून नेमका वधूचा चेहरा वेगळा काढतां येतो. तेवढ्या कामापुरती सोनी सरस. व्हिडिओस तर यांतील कांहींच नको. ज्यास ४के म्हणतात त्या चलच्चित्राचें एक चित्र जेमतेम सव्वाआठ मेगापिक्सेलांचें असतें.

व्हिडिओच्या बाबतींत खरे भेद निराळे आहेत. सेकंदास ६० चित्रें या गतीनें ४के घ्यावयाचें झाल्यास सोनी फलकाचा मधला भागच वापरते, त्यामुळें दृश्य दीडपट जवळ आल्यासारखें होऊन अरुंद खोलींत पंचाईत होते. कॅनन व निकॉन हेंच काम फलकाची पूर्ण रुंदी राखून करितात. पॅनासॉनिक सोनीप्रमाणेंच कांठ सोडते. मात्र ही ६० ची गती लागते ती मुख्यतः मागाहून गति मंद करून दाखवावयाची असेल तर. अक्षता पडतांना त्या हवेंत तरंगत असल्यासारख्या दाखवावयाच्या, एवढ्यासाठीं ! नित्याच्या कामास सेकंदास २५ चित्रें पुरतात, आणि आपल्या देशांत तींच योग्य. आपली वीज ५० आवर्तनांची, म्हणून दिवे सेकंदास १०० वेळां उजळतात व मंदावतात. शटर एक-पन्नासांश सेकंदावर ठेवलें तर त्या चढउतारांचा पुरा वांटा प्रत्येक चित्रास मिळतो. कांहीं कॅमेऱ्यांची मूळ मांडणी अमेरिकेच्या ६० आवर्तनांस धरून, म्हणजे सेकंदास ३० चित्रांची असते. ती ‘पॅल’वर आणून ठेवावी. हें न केल्यामुळें साऱ्या समारंभाच्या चित्रणांत काळे पट्टे सरकत राहिल्याचीं उदाहरणें आम्हांस ठाऊक आहेत, आणि मुंज कांहीं पुन्हां लावतां येत नाहीं. कार्यालयांतील दिव्यांच्या माळांचा भरंवसा तर मुळींच धरूं नये. त्यांतील एलईडी आपल्याच तालानें लुकलुकतात. आदल्या संध्याकाळीं जाऊन पांच मिनिटांचें चित्रण करून पाहावें.

दुसरा भेद फलक वाचण्याच्या वेगाचा. फलकावरील चित्र एकाएकीं उचललें जात नाहीं. पोथी वाचावी तशा वरून खालीं एकेक ओळी वाचल्या जातात. वाचन मंद असेल तर तेवढ्यांत हललेली वस्तु वांकडी दिसते. याची परीक्षा करावयास प्रयोगशाळा नको, छताचा पंखा पुरे : पातीं विळ्यासारखीं वांकलेलीं दिसलीं कीं वाचन मंद आहे असें समजावें. मंत्र चालले असतां शटरचा खटका नको म्हणून आवाज न करणारें शटर लावावें, तर तेथेंच हा दोष उघडा पडतो. निकॉनच्या झेड ६ थ्रीचा फलक या कामीं चौघांत वेगवान, सोनीच्या आल्फा ७ फोरहून कित्येक पटींनीं. ज्या घरांत मुलगी भरतनाट्यम् शिकते किंवा मुलगा क्रिकेट खेळतो तेथें या गुणास किंमत आहे. त्याबद्दल निकॉननें थोडी सावल्यांतील सफाई गमावली आहे. गडद भाग मागाहून उजळूं गेल्यास त्यांत रवा अधिक दिसतो. पण हें सूक्ष्म निरीक्षण झालें. काकांखेरीज कोणाच्या लक्षांत यावयाचें नाहीं.

तिसरा भेद दम किती, हा. कॅमेऱ्यानें एका वेळीं अर्ध्या तासाहून कमीच चित्रण करावें अशी जी मर्यादा पूर्वीं पुष्कळांत असे, तिचें मूळ यंत्रांत नव्हतें. त्याहून अधिक वेळ चालणाऱ्या यंत्रास युरोपांत व्हिडिओ कॅमेरा समजून जादा जकात पडे, म्हणून कारखानदार २९ मिनिटें ५९ सेकंदांवर थांबत. ती मर्यादा या कॅमेऱ्यांत उरलेली नाहीं. निकॉन एका दमांत १२५ मिनिटें चालतो. उरली आहे ती उष्णतेची अडचण. वैशाखांतल्या दुपारीं, मंडपाच्या पत्र्याखालीं, होमकुंडाशेजारीं यंत्र तापून बंद पडावें यांत नवल नाहीं, विशेषतः वर सांगितलेली ६० ची गती लावली असेल तर. पॅनासॉनिकनें एस ५ टूच्या अंगांतच लहानसा पंखा बसविला आहे, आणि त्यामुळें तो कार्ड व बॅटरी पुरेल तोंपर्यंत न थकतां चालतो. हातांत धरून चालत चित्रण करितांना दृश्य स्थिर राखण्यांतही तो फार चांगला. थरथरत्या हाताच्या वडीलधाऱ्यांनींही निःशंक वापरावा. पॅनासॉनिकचे पूर्वींचे कॅमेरे माणूस हलला कीं फोकस चांचपडत असत, ती तक्रार या कॅमेऱ्यापासून बरीच मिटली. तरी चालत्याबोलत्या माणसाचा डोळा धरून ठेवण्यांत सोनी व कॅनन अजून अधिक विश्वासू आहेत असें आमचें मत आहे.

आतां भिंगांकडे येऊं. कारण कॅमेरा हा जांवई असला तर भिंगें हें त्याचें सारें गोत आहे, आणि गोत पाहिल्याखेरीज सोयरीक करूं नये. प्रत्येक कारखानदाराचें भिंग बसविण्याचें कडें निराळें. सोनीच्या कड्यास टॅमरॉन व सिग्मा या कारखानदारांचीं पुष्कळ भिंगें बसतात, म्हणून चांगलें भिंग बेतानें मिळतें. उदाहरणार्थ, टॅमरॉनचें २८–७५ मिलिमीटरचें, २.८ छिद्राचें दुसऱ्या पिढीचें भिंग ५४० ग्रॅम वजनाचें आहे व घरचीं बहुतेक सर्व कामें भागवितें. पॅनासॉनिकनें २०१८ सालीं लायका व सिग्मा यांच्याशीं करार करून एकच कडें वापरण्याचें ठरविलें. तेथेंही निवड बरी आहे. कॅननचें दार मात्र फार दिवस बंद होतें. २०२४ सालीं तें परक्या भिंगांसाठीं किलकिलें झालें, पण तेंही लहान फलकाच्या कॅमेऱ्यांपुरतें. कॅननचीं स्वतःचीं भिंगें उत्कृष्ट, आणि त्याच मानानें महाग. निकॉनचें प्रकरण निराळें. त्यांचें जुनें एफ कडें १९५९ सालापासूनचें; पुष्कळ घरांत कपाटांत वडिलांच्या वेळचीं भिंगें पडलेलीं असतात. जोडकडें लावून तीं नव्या कॅमेऱ्यास बसतात. परंतु ज्या जुन्या भिंगांच्या अंगांत मोटर नाहीं त्यांचा फोकस हातानेंच फिरवावा लागतो, हें दुकानांत कोणी आपण होऊन सांगत नाहीं.

वजनाचा विचार पुरुषमंडळी शेवटीं करितात, आणि मग कॅमेरा कपाटांत राहतो. बॅटरी व कार्डासह सोनी ६५८ ग्रॅम, कॅनन ६७०, पॅनासॉनिक ७४०, निकॉन ७६०. त्यावर भिंगाचें वजन. घरांत जी व्यक्ति खरोखर चित्रें काढते, आणि ती बहुधा मुलांच्या मागें असणारी आईच असते, तिच्या हातांत दुकानांतच तो देऊन पाहावा. एवढें वजन नको असेल तर सोनीचा आल्फा ७ सी टू ५१४ ग्रॅमांचा आहे आणि कॅननचा आर ८ अवघा ४६१ ग्रॅमांचा. मात्र आर ८ मध्यें फलक स्थिर राखण्याची यंत्रणा नाहीं व बॅटरीही लहान, हें जाणून घ्यावा.

एकच नांव सांगा असा आग्रह झाला तर, ज्या घरांत जुनीं भिंगें नाहींत आणि छायाचित्रें अधिक व चलच्चित्र कमी असा व्यवहार आहे, तेथें आम्ही सोनीचा आल्फा ७ फोर व टॅमरॉनचें वर सांगितलेलें भिंग सुचवूं. ६० गतीचा त्याचा दोष घरच्या कामांत क्वचितच आडवा येतो, आणि वांचलेल्या पैशांत दुसरें एखादें भिंग येतें. जेथें कीर्तनें, व्याख्यानें, दीर्घ विधी पूर्णपणें टिपावयाचे आहेत तेथें पॅनासॉनिक. कॅननचे त्वचेचे रंग आम्हांस चौघांत सर्वांत आवडतात. पण आवडीसाठीं भिंगांचा खर्च घरावर लादावा असें वाटत नाहीं.

दुकानांत ठरविलेल्या रकमेंत सांठवणीचा खर्च कोणी धरीत नाहीं. सेकंदास १०० मेगाबिट या बेताच्या मानानेंही ४के चित्रणास तासाला ४५ गिगाबाइट लागतात. चार तासांची मुंज म्हणजे १८०. एवढें एका डिस्कवर ठेवून निश्चिंत राहणें बरें नव्हे. दोन प्रती, आणि त्यांतील एक दुसऱ्या घरीं, दिरांकडे किंवा लेकीच्या सासरीं ठेवावी. दुसरा खर्च पावसाळ्याचा. कोंकणांत, मुंबईंत भिंगांवर बुरशीचे पांढरे तंतू धरतात आणि एकदां कांच खाल्ली गेली कीं उपाय नाहीं. कातडी पिशवी या कामीं वैरीणच; ती दमट होते. घट्ट झांकणाच्या डब्यांत सिलिका जेलचे खडे व आर्द्रता दाखविणारें लहान यंत्र ठेवावें, आंकडा ४० ते ५० टक्क्यांत राहील असें पाहावें, आणि खड्यांचा रंग बदलला कीं ते तापवून पुन्हां कोरडे करून घ्यावे.

राहिला आवाज. चौघांही कॅमेऱ्यांस बाहेरून मायक्रोफोन व कानास लावावयाचा हेडफोन जोडण्याची सोय आहे, आणि चौघांचाही अंगचा मायक्रोफोन सारखाच निरुपयोगी आहे. त्यांत पंख्याची घरघर आणि बोटांची खसखस तेवढी स्वच्छ ऐकूं येते. थोरली आजी जात्यावरच्या ओव्या म्हणते, चुलत आजोबांस कुळाची सारी हकीकत तोंडपाठ आहे, आणि दोघांचींही वयें झालेलीं आहेत, अशा घरानें भिंगांपैकीं एक कमी घ्यावें पण पदरास किंवा सदऱ्यास अडकविण्याचा लहान मायक्रोफोन अगोदर घ्यावा. चित्रण दुपारच्या निजानिजीच्या वेळीं, पंखा बंद करून, गादी व पडदे असलेल्या खोलींत करावें; कोऱ्या भिंतींच्या खोलींत आवाज घुमतो. कॅमेरा तिकटीवर ठेवून एकदां चालू केला कीं त्याकडे पाहूं नये. आजीशीं नेहमींसारखें बोलत बसावें, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या ओवीपासून ती यंत्र विसरते. आणि कॅमेऱ्याचा निर्णय घरांत दिवाळीपर्यंत लांबणार असेल तर या कामासाठीं त्याची वाट पाहूं नये. तोच मायक्रोफोन योग्य जोड लावून फोनासही लागतो.